मदत हवी आहे: आफ्रिका अभ्यासात पीएच.डी., संशोधन आराखड्याबद्दल

जर्मनीतल्या बायरॉइट विद्यापीठाच्या बिगसासमध्ये (आफ्रिका अभ्यासाची ग्रॅज्युएट स्कूल, २००७ साली सुरू झालेली) पीएच.डी.साठी अर्ज करायचाय. एम.ए. इतिहासात झालंय. विषय आहे टांगानिकातलं (म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातला) 'माम्बो लेओ' हे सरकारी स्वाहिली मासिक, जे १९२३ साली दार-ए-सलाममधून सुरू झालं. वाचक त्यात पत्रं तर पाठवायचेच, पण कविताही. मला त्या कवितांवरच काम करायचंय. स्वाहिली वाचता येते, शब्दकोश मात्र हाताशी लागतो. जर्मन शून्य, प्रबंध इंग्रजीतच लिहिणार.

याआधी दुसरीकडच्या दोन प्राध्यापकांना आराखडा पाठवला होता, अख्खी बारा पानं. (पहिल्याच मेलला एवढं कोण वाचणार, हे आता कळतंय!) एकांचं उत्तर नाही. दुसऱ्यांनी एका ओळीत कळवलं, 'विषय छान, पण प्रश्न कुठाय?' कापून कापून आता चार पानांवर आणलाय. शिष्यवृत्तीचा घोळ वेगळा, तो नंतर.

अडलंय ते इथे: टांझानियातल्या अभिलेखागारात मी अजून गेलेले नाही, स्कॅन केलेले थोडेच अंक पाहिलेत. ज्यांनी असा अर्ज केलाय त्यांनी सांगा, आराखड्यात हे सरळ लिहून टाकावं, की आधी जाऊन यावं? आणि नव्या मेलला चारही पानं जोडू, की एका पानाचा गोषवारा पुरे?