उत्तर: बेलापूरच्या घराखालचा १८६२ चा रुपया

माजघराच्या जमिनीखाली १८६२ चा रुपया निघाला म्हणून घर १८६२ चे, हा तुम्ही काढलेला निष्कर्ष टिकत नाही. या राणीछाप रुपयावर १८६२ हेच साल कायम ठेवून १८७४ पर्यंत टांकसाळीत नाणी पाडली जात होती. शिवाय चांदीचा रुपया दोन-तीन पिढ्या सहज हातात फिरे. नाणे एवढेच सांगते की वरची जमीन त्यानंतर केली.

त्याच थरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा शिक्का असलेला कौलाचा तुकडा आहे ना? मग जमीन १८६५ नंतरची, कारण मंगळूरचा त्यांचा कौलांचा कारखानाच त्या वर्षी निघाला. तिथेच मिळालेली गोटीसोड्याच्या बाटलीची मान त्याहून पुढे, १८७० च्या दशकात नेते, कारण तशी बाटली तेव्हाच निघाली. अर्थात हे जमिनीचे वय. जोते जुने असून जमीन नंतर उकरून पुन्हा केलेली असू शकते.

पुढे खणताना जोत्याच्या वरच्या कडेला सुतळी ताणून प्रत्येक वस्तूची खोली मोजा. शेणाने सारवलेले थर पापुद्र्यासारखे दिसतात. मधेच भुसभुशीत माती लागली तर ते घुशीचे बीळ, तिथली वस्तू पुराव्यात धरू नका. घुशी काय काय खाली नेतील सांगता येत नाही! नाणी चिंचेने मुळीच घासू नका, अक्षरे झिजतात.

आणि पुरून ठेवलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.