भरपाई दिली म्हणजे सुटका?

अपघातात कुणाचा जीव गेला तरी 'भरपाई दिली, विषय संपला' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. २०१२ मध्ये बँकॉकला रेड बुल या एनर्जी ड्रिंक कंपनीच्या सहसंस्थापकाचा नातू वोरायुथ योविध्या याच्या फेरारीने ड्युटीवरच्या पोलिसाला उडवलं, त्यात त्याचा जीव गेला. त्या पोलिसाच्या कुटुंबाला ३० लाख बात (थायलंडचं चलन) मिळाले. पण खटला? आरोपी तारखा चुकवत राहिला, वेगमर्यादा मोडल्याच्या आरोपावर खटला चालवायची कायदेशीर मुदत वर्षभरातच संपली आणि २०१७ मध्ये तो देशाबाहेर गेला. सगळ्यात चीड येते ती वेगाच्या आकड्याची! आधी ताशी १७७ किमी, नंतर कागदावर चक्क ८० च्या, म्हणजे वेगमर्यादेच्या आत. त्याचाही आधार घेत २०२० मध्ये आरोप मागे घेतले. लोक खवळले, म्हणून प्रकरण पुन्हा उघडलं. बेदरकार गाडी चालवून मृत्यूला कारण झाल्याच्या मुख्य आरोपाची मुदत सप्टेंबर २०२७ पर्यंतच आहे. फरार असतानाचा काळ त्या मुदतीत धरायचाच कशाला?