पोर्शे ९८६ बॉक्सटर: कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होतंय, पण खाली एक थेंब नाही

टिळकवाडी_९८६
नमस्कार मंडळी. गाडी २००३ ची, २.७, मॅन्युअल. हजार किलोमीटरमागे पाऊण-एक लिटर कूलंट जातंय. सकाळी इग्निशन दिलं की टेम्परेचरच्या काट्यातला लाल दिवा लुकलुकतो, टाकीत भर घातली की गप्प. शेडच्या फरशीवर डाग नाही. चोर्ला घाट चढून वर आलं की मात्र गाडीमागं गोडसर वास येतो. काटा ८० मधल्या शून्याच्या आसपासच असतो, हीटर व्यवस्थित गरम. ऑइलच्या टोपणाला आतून पिवळट साय दिसते, म्हणून गॅरेजवाले हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) गेलं म्हणतात आणि इंजिन उतरवायला निघालेत. आतापर्यंत टॉपअप बोअरच्या पाण्यानंच झालंय. लीक बंद करणारी बाटली ओतून बघू काय?

उद्यमबाग_टर्नर
इंजिनाला हात लावू देऊ नका ओ एवढ्यात. आणि बाटली तर नकोच. तो चिकटा भोक शोधत बसत नाही, हीटर कोअर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आधी जाऊन बसतो.

सायीचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. या गाडीत ऑइल भरायची नळी लांब आणि थंड राहते. गावातल्या गावात फिरलं की वाफ तिथं धरते, टोपणाला साय येते. ड्रेन केलेलं ऑइलच दुधाळ निघालं किंवा कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला तर गोष्ट वेगळी. तरीसुद्धा पहिला संशय इंजिनावर बसलेल्या ऑइल कूलरच्या सीलवर घ्या, हेडवर नंतर. हेडची खात्री करायचीच असेल तर ब्लॉक टेस्टरचं निळं पाणी टाकीच्या तोंडावर धरा. पिवळं पडलं तर एक्झॉस्टचा गॅस कूलंटमध्ये येतोय. दहा मिनिटांचं काम, इंजिन उतरवायचा खर्च वाचतो.

वास आहे पण डाग नाही, म्हणजे पाणी गरम भागावर पडून उडतंय नाहीतर डिकीत मुरतंय. मागची डिकी उघडा, पुढच्या भिंतीकडचा गालिचा बाजूला करा. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी तिथंच आहे. वयानं ते प्लॅस्टिक कडक होतं आणि खालच्या जोडावर केसाएवढी चीर पडते. गार असताना ती मिटलेली असते, गरम होऊन प्रेशर चढलं की उघडते. म्हणून सकाळी बघितलं तर टाकी कोरडी ठणठणीत. गालिच्याच्या खालच्या बाजूला हात लावून चिकट लागतंय काय बघा. मग टाकीखाली जाईल तिथवर पांढरा टिश्यू सरकवून ठेवा, चोर्लाची एक फेरी मारा आणि आल्या आल्या काढून बघा.

त्यानंतर प्रेशर टेस्ट, इंजिन पूर्ण गार असताना. कूलंटच्या टाकीच्या टोपणाच्या जागी टेस्टर लावून १ बार भरा, अर्धा तास ठेवा. काटा उतरला नाही तर १.४ पर्यंत न्या, त्याच्यावर नको, कारण टोपण स्वतः त्याच आसपास प्रेशर सोडतं. अडॅप्टर मिळत नसेल तर जुन्या टोपणाला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह घट्ट बसवून घ्या, कुठलाही टर्नर करून देईल. हवा मात्र सायकलच्या पायपंपानंच भरायची. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमध्ये ८ बार असतं, टाकी फुटेल.

टोपणावरचा नंबरही बघा. शेवटी ०४ नसेल तर जुन्या पद्धतीचं आहे, बदला. कमजोर टोपण घाटात वाफ सोडत राहतं आणि लीक कुठं आहे ते कळत नाही.

निपाणी_हायवे
पुढची बाजू विसरू नका. दोन रेडिएटर बंपरच्या दोन कोपऱ्यांत, त्यांच्यापुढं एसीचे कंडेन्सर, आणि दोघांच्या मधली फट म्हणजे कचऱ्याची खाण. चिकोडी-निपाणीकडं गळिताच्या हंगामात ट्रॉल्यांमागं गाडी चालवली की पाचटाचे तुकडे आत जाऊन बसतात, त्यावर पावसाळ्यातली तांबडी माती. हा लगदा ओला राहतो आणि ॲल्युमिनियम खालच्या कोपऱ्यातून खात जातो. बंपर काढल्याशिवाय दिसत नाही. साफ करताना मागून पुढं, साध्या नळानं. प्रेशर वॉशरनं फिन्स आडव्या होतात.

खानापूर_रोड
टाकीचं खरं, पण पाणी मागच्या चाकाच्या पुढं पडत असेल तर कूलंट फिरवणारा पंपसुद्धा असू शकतो, आणि टाकीचं पाणीही वाहत तिथंच येतं. ओल्या जागेवरून ठरवू नका, वरून खाली शोधत या.

पंपाला सील गेलं की सांगायला एक बारीक भोक असतं. या गाडीचं इंजिन सीटमागंच आहे, तिथलं पॅनल काढलं की बेल्ट समोर दिसतो. पुलीच्या खाली पांढरट-गुलाबी खपली, किंवा बेल्टच्या रेषेत शिंतोड्यांचा पट्टा दिसला तर पंप. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) २४ च्या पान्यानं सैल करून बेल्ट काढा आणि पुली हलवून बघा, जराही खेळ नको. बदलताना जुन्याच्या प्लॅस्टिक इंपेलरची (पाणी ढकलणारं आतलं चक्र) पाती मोजून बघा. पाती तुटलेली असतील तर तुकडे इंजिनात आहेत, ते काढल्याशिवाय नवा बसवू नका. सोबत थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप) आणि गॅस्केट नवीन. बोल्ट १० न्यूटन-मीटर, सीलंट न लावता. पंप धातूच्या इंपेलरचा घ्या, कायमचा टिकतो.

उद्यमबाग_टर्नर
धातूच्या इंपेलरचं पटत नाही. बेअरिंग गेलं की तो हलतो आणि इंजिनाच्या ॲल्युमिनियमला घासून खातो. प्लॅस्टिकचा तुटला तर पंप जातो, धातूचा तुमचं इंजिनच खातो. प्लॅस्टिकचाच घ्या आणि वेळेवर बदला.

खानापूर_रोड
वेळेवर बदलणार असाल तर बरोबर. जे बदलत नाहीत त्यांच्यासाठी म्हटलं मी. आणखी एक, गाडी उचलताना जॅक ठरलेल्या पॉइंटवरच. मधल्या कव्हरच्या आत पुढच्या रेडिएटरला जाणारे ॲल्युमिनियमचे पाइप आहेत. तिथं जॅक लागला तर नवीन लीक तुमच्याच हातानं.

टिळकवाडी_९८६
टिश्यू एका टोकाला गुलाबी ओला. गालिचा खालून चिकट. प्रेशर टेस्टमध्ये १ बारवरून वीस मिनिटांत ०.७. टोपण शेवटी ०१. पुली घट्ट, खपली नाही. टाकी मागवली. इंजिन खाली न घेता निघते काय?

उद्यमबाग_टर्नर
निघते, फक्त हात छिलतात. छत अर्धं उघडून इंजिनावरचा गालिचा आणि पत्रा काढा. टाकीखालच्या नळ्यांच्या स्प्रिंग क्लिप्स वरून दिसतात, पण साधा पक्कड पोचत नाही. केबलवाला लांब क्लिप-पक्कड मागून आणा. ऑइल भरायची नळी तिथूनच जाते, ती आधी सोडवा. लेव्हल सेन्सरचा प्लग ओढताना तारेला नको, क्लिपला दाबून. नळीची तोंडं फुगलेली किंवा मऊ झाली असतील तर त्या पण आताच बदला, पुन्हा तिथं हात घालायला कोणाला हौस आहे?

बोअरचं पाणी गेलंय म्हणून सगळं कूलंट काढा. सिस्टिममध्ये साधारण १७ लिटर असतं आणि खालून सोडलं तरी सगळं येत नाही. डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा भरून-सोडून घ्या, मग राहिलेल्या पाण्याचा हिशोब करून मिश्रण निम्मं-निम्मं येईल असं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घाला. रंग बघून नको, फॉस्फेटविरहित आहे हे डब्यावर वाचून. बॅटरीवाल्याकडं ५ लिटरच्या कॅनमध्ये डिस्टिल्ड वॉटर मिळतं.

हवा काढणं हेच खरं काम. टोपणाशेजारच्या ब्लीड व्हॉल्व्हची तारेची कडी उभी करा. हीटर पूर्ण गरमवर, हळूहळू भरा, इंजिन चालू करून पातळी उतरेल तशी भर घाला. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत अधूनमधून २,५०० आरपीएमवर धरा. पुढचे रेडिएटर हातानं गरम लागले पाहिजेत, दोन्ही. एक गार राहिला तर तिथं हवा आहे. कडी पहिल्या फेरीपुरती उभीच ठेवा, पूर्ण गार झाल्यावर पातळी बघून मग पाडा. व्हॅक्यूम फिलर (आधी हवा ओढून मग कूलंट भरणारं साधन) कोणाकडं मिळाला तर ही सगळी कटकट वाचते, शिवाय भरायच्या आधीच काटा स्थिर राहतो काय ते बघून जोड तपासता येतात.

निपाणी_हायवे
आणि गरम असताना टोपणाला हात नको. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये, वर नाही. जास्त भरलेलं पाणी टोपणातून बाहेर पडतं आणि परत लीक आहे म्हणून शोधत बसाल.