सिनियर रिपोर्टर पाहिजे म्हणून बोलावलं अन् अधिवेशनभर फुकट राबवून घेतलं

बर्डीकर:
एका न्यूज चॅनलची जाहिरात होती, नागपूर ब्युरोला सिनियर रिपोर्टर, किमान १० वर्षं अनुभव. माझे १४ झाले फील्डवर, गेलो. इंटरव्ह्यू चांगला झाला, मग म्हणे हिवाळी अधिवेशनात काम करून दाखवा. सकाळपासून विधानभवन, दुपारी मोर्चे, नेत्यांचे बाईट (कॅमेऱ्यावर प्रतिक्रिया) घ्या, रात्री पॅकेज म्हणजे पूर्ण बातमी लिहून पाठवा, पेट्रोल आपलंच. माझ्या ४ बातम्या चालल्या, नाव मुंबईच्या रिपोर्टरचं. अधिवेशन संपलं अन् मेसेज आला, पोझिशन होल्डवर आहे. मागून कळलं की असे आम्ही तिघं होतो, घेतलं एकालाही नाही!

डेस्कवरून:
दादा, तुमच्यासोबत वाईटच झालं पण ट्रायल चुकीची नाही. मी चॅनलच्या असाइनमेंट डेस्कवर, रिपोर्टरला कामं वाटून देतात तिथं, ९ वर्षं काढले, सीव्हीवर १५ वर्षं लिहिलेलं असते अन् कॅमेरा सुरू झाला की अर्धा मिनिट सलग बोलता येत नाही. मोर्चा मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवला की त्याच मिनिटाला लाइव्ह द्यावं लागते, तिथं पेपरचा अनुभव पुरत नाही.

बर्डीकर:
लाइव्ह जमते की नाही हे एका दुपारी समजते ना. मग बाकीचे दिवस काहून?

धंतोलीची:
मला तर इंटरव्ह्यूतच विचारलं, दिवाळीला जाहिराती किती आणून द्याल अन् तुमच्या सोर्सचे नंबर शेअर कराल का. ११ वर्षं जपलेली माणसं मी एचआरला देऊ? उठून आली.

लेबरवाला:
१९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा पेपरवाल्यांसाठी होता, २०११ ची मजिठिया वेतन मंडळाची अधिसूचना पण पेपर अन् वृत्तसंस्थांनाच, टीव्हीवाले बाहेरच राहिले. २०२० च्या कामगार संहितेत इलेक्ट्रॉनिक मीडियाचे पत्रकार व्याख्येत आले, पण हातात कागदच नसला तर तुम्ही तिथं कामाला होते हे कसं दाखवाल? ट्रायलला जायच्या आधी किती दिवस अन् रोजचे किती, हे मेलवर मागून घ्या.

डेस्कवरून:
पैसे द्यायला पाहिजे, मान्य. पण ट्रायलच नको म्हणाल तर चॅनल अनुभवी माणसाला बोलावणंच सोडतील, कॉलेजातून निघालेले पोट्टे घेतील.

बर्डीकर:
घेऊ द्या, त्यांनाही पगार द्या म्हणजे झालं. माझी बातमी लोकांना दाखवायच्या लायकीची होती तर तिचे पैसे पण द्यायच्या लायकीची आहे. चारही बातम्यांचं बिल काल मेल केलं, तारखा अन् लिंक टाकून.