इंडियन लॅरीच्या आठवणीतल्या ब्लॉक पार्टीला कुणी गेलंय का?

मी न्यू जर्सीत राहतो, पुण्यात असताना बुलेट स्वतः उघडायचो. इंडियन लॅरी म्हणजे न्यूयॉर्कचा नावाजलेला बाईक बनवणारा कारागीर. तिथल्या ब्रुकलिनमध्ये त्याच्या आठवणीत बायकर लोक रस्त्यावर जमायचे असं ऐकलंय. कुणी पाहिलंय का? नेमकं काय असायचं?

बुलेटवेडा: मी एकदा गेलोय बरं का. रस्ता बंद, दोन्ही बाजूंना चॉपर (म्हणजे हाताने खास बनवलेल्या बाईक) उभे, आणि मी एका बाईकपाशी किती वेळ बसलो कुणास ठाऊक, फ्रेमची पुढची नळी दोरीला पीळ द्यावा तशी पिळलेली, ती लॅरीची खूण. बाजूला एक आजोबा फडकं घेऊन टाकी पुसत होते, चकाचक होती तरी पुसतच होते. माझ्या तर घशात आवंढाच आला.

सुनीता_के: इंडियन हे नाव त्याच्या जुन्या इंडियन मोटरसायकलवरून पडलं, आपल्या देशाशी संबंध नाही, बरेच जण गोंधळतात. खरं नाव लॅरी डेस्मेड्ट. 2004 च्या ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलिनात चालत्या बाईकवर उभं राहायचा स्टंट करताना पडला आणि दोन दिवसांनी गेला, 55 वर्षांचा होता फक्त. अजून वाईट वाटतं.

गॅरेजवाला: त्याची चेन ऑफ मिस्ट्री नावाची बाईक बघाच, साखळीच्या कड्या वेल्ड करून फ्रेम केलीय. मी स्वतः वेल्डिंग करतो म्हणून सांगतो, एवढं सरळ ठेवणं म्हणजे खायचं काम नाही, उष्णतेने लोखंड लगेच ओढलं जातं. हात जोडावेत असं काम आहे!