औषधांचे दर बांधले म्हणून औषध मिळत नाही, हे कितपत खरं?

फार्मासिस्ट, सात रस्ता: काल इथे एकाने लिहिलं, "सरकारने दर बांधले म्हणून औषधं गायब होतात. नियंत्रण उठवा, स्पर्धेने भाव आपोआप उतरतील." याला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. 2013 च्या औषध दर नियंत्रण आदेशात उत्पादन खर्च बघतच नाहीत. बाजारात किमान 1 टक्का हिस्सा असलेल्या ब्रँडांचा दुकानदाराला पडणारा दर घ्यायचा, सरासरी काढायची, वर 16 टक्के नफा जोडायचा. समजा तीन ब्रँड 20, 60 आणि 100 रुपयांना आहेत. सरासरी 60, कमाल दर 69.60. म्हणजे महागड्यांनीच सरासरी वर ओढलेली, तरी ओरड त्यांचीच. आणि स्पर्धा कसली? ब्रँड डॉक्टर लिहितो, पैसे पेशंट देतो. स्टेंटला, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीला, 2017 पर्यंत मोकळं रान होतं, उतरला का भाव? त्या फेब्रुवारीत औषधाचा लेप असलेला स्टेंट 29,600 रुपयांवर आणला तो आदेशानेच.

होलसेलवाला, नवी पेठ: स्टेंटचं मान्य. पण तुमच्याच हिशेबातल्या 20 वाल्याचं पुढे काय होतं ते सांगा ना. कमाल दर 69 असला तरी त्याला तिथपर्यंत जाता येत नाही, जुनाच दर ठेवावा लागतो. वाढ फक्त घाऊक किंमत निर्देशांक वाढेल तेवढी, तीही एप्रिलमध्ये. कच्चा माल चीनमधून महाग झाला की तो ते उत्पादनच बंद करतो. ऑक्टोबर 2024 मध्ये आठ औषधांना एकदम 50 टक्के वाढ द्यावी लागली. त्यात बेंझिल पेनिसिलिन होतं, ॲट्रोपीन होतं. फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेल्या माणसाला ॲट्रोपीनचे पहिल्याच डोसला 0.6 मिग्रॅचे तीन ते पाच ॲम्प्युल लागतात, मग छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट. अशा वेळी दर स्वस्त असून काय उपयोग, माल नको?

आरोग्य कार्यकर्ती, विडी घरकुल: तुमचे आदेश राहू द्या. आमच्या वस्तीत औषध अडतं ते स्ट्रिपपाशी. हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईला बीपीच्या पाच गोळ्या हव्या असतात, दुकानदार म्हणतो पंधराची अख्खी घ्या. कमाल दर एका गोळीचा ठरतो. मग तिला पंधराचे पैसे का?

होलसेलवाला, नवी पेठ: ताई, कापलेली स्ट्रिप कंपनी परत घेत नाही. मुदत संपली की अख्खी स्ट्रिप क्रेडिट नोटवर जाते, म्हणजे तिचे पैसे कंपनी वळते करते, उरलेल्या दहा गोळ्या दुकानदाराच्या अंगावर. शेड्यूलच्या, म्हणजे दर बांधलेल्या, औषधात 16 टक्के सुटतात, त्यात हे कसं बसवायचं?

फार्मासिस्ट, सात रस्ता: बसतं. बीपीच्या गोळीच्या उरलेल्या दहा रोज खपतात, मुदतीपर्यंत पडून राहतच नाहीत. बॅच नंबर आणि मुदत ज्या टोकाला छापलेली असते ते टोक दुकानात ठेवायचं, दुसऱ्या टोकाकडून कापायचं, आणि बिलावर बॅच लिहायची. सुट्या गोळीला जास्त दर लावता येत नाही. न कापण्याचं कारण मुदत नाही, आळस आहे.

होलसेलवाला, नवी पेठ: आळस? काउंटरला उभं राहून बोला. महिन्यात दोन स्ट्रिप खपणारं फिटचं औषध पाच गोळ्यांसाठी कापलं तर उरलेलं कोण घेतं?

आरोग्य कार्यकर्ती, विडी घरकुल: आणि ते न कापल्यामुळे ती बाई औषध मध्येच सोडते, तिला फिट येते, त्याचं काय? फिटच्या गोळ्या एक दिवस चुकवायच्या नसतात, हे तुम्हाला मी सांगायचं का?

फार्मासिस्ट, सात रस्ता: कमी खपाच्या औषधाचं त्यांचं खरं आहे, एवढं मानतो. त्याला उपाय कंपनीने दहा-दहाची छोटी पॅकिंग द्यावी, प्रत्येक गोळीमागे मुदत छापावी. मूळ मुद्द्यावर या. स्वस्त औषध बंद करायचं तर सहा महिने आधी जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि सरकार वर्षभर उत्पादन चालू ठेवायला सांगू शकतं. 20 वाल्याला दर वाढवून द्या, आमची हरकत नाही. 100 वाल्याला सोडा, हे त्यातून कसं निघतं?

होलसेलवाला, नवी पेठ: 100 वाल्याला सोडा असं मी म्हटलंच नाही, ते कालच्या पोस्टवाल्याचं. पण नोटीस कागदावर असते. कंपनी बंद करत नाही, बॅच निम्मी करते. त्याला नोटीस लागत नाही, आणि आमच्याकडे दहा बॉक्सच्या ऑर्डरला दोन येतात.

आरोग्य कार्यकर्ती, विडी घरकुल: मग ते दोन कुठल्या दुकानांना देता, तेही इथे लिहा.