माल खरा निघाला, तरी थांबलेल्या कंटेनरचं भाडं आयातदारानेच भरायचं?

हिंगणा रोड
राइस मिलला लागणारे कलर सॉर्टर मी चीनहून मागवतो. भंडारा-गोंदियातले मिलवाले माझे गिऱ्हाईक. तांदळाचा दाणा न् दाणा कॅमेऱ्यासमोरून खाली पडतो आणि काळा-पिवळा दाणा हवेच्या फटक्याने बाजूला उडतो, अशी ही मशीन. नवा धान यायच्या आत ती बसली तर मिलवाल्याच्या कामाची, नाही तर हंगाम गेला.

यंदा एका कंटेनरमध्ये दोन मशिनी आणि सुटे कॅमेरा कार्ड होते. न्हावा शेवाला उतरून रेल्वेने नागपूरच्या डेपोत यायचा होता. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सकडे द्यायचं विवरण, ३० ऑगस्टलाच भरलं. ४ सप्टेंबरला डबा (कंटेनर) यार्डात लागला. ५ तारखेला कस्टम्सची पहिली क्वेरी : हे कार्ड सॉर्टरचे पार्ट म्हणून ८४३७ या टॅरिफ हेडिंगमध्ये कसे, कॅमेरा म्हणून ८५२५ मध्ये का नाही? त्याच संध्याकाळी उत्तर दिलं. १० तारखेला पुन्हा तोच प्रश्न, कॅटलॉग मागितला. ११ ला दिला. मग १६ पर्यंत काहीच नाही. १६ ला फर्स्ट चेकचा, म्हणजे ड्युटी ठरवण्याआधी माल तपासायचा आदेश, १८ ला माल उघडून तपासला, २२ ला असेसमेंट होऊन ड्युटी ठरली आणि २३ ला माल सुटला. आम्ही लिहिलं होतं तेच हेडिंग, तीच किंमत, तीच ड्युटी. एका आकड्यातही फरक नाही.

१८ तारखेला मी यार्डात उभा होतो. कटरने बोल्ट सील तोडलं, दार उघडल्याबरोबर कोंडलेली गरम हवा अंगावर आली. साहेबांनी एक कार्ड हातात घेतलं. त्यावर लेन्स बसते, पण केबलचं टोक सॉर्टरच्याच सॉकेटमध्ये जातं, दुसरीकडे कुठेच लागत नाही. मॉडेल नंबर मशीनच्या पाटीशी जुळवला, फोटो घेतले. वीस मिनिटांत काम झालं. हीच वीस मिनिटं ५ तारखेला मिळाली असती तर?

डेपोचं ग्राउंड रेंट (जागेचं भाडं) आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन (डबा अडकून राहिल्याचं भाडं) मिळून १,८६,००० रुपये भरले, तेव्हा डिलिव्हरी मिळाली. आम्हाला बिल ऑफ एन्ट्री भरायला उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० दंड आहे. ड्युटी उशिरा भरली तर १५ टक्के व्याज. उशीर त्यांच्याकडून झाला, तर त्याचं मीटर कोणाच्या नावावर? माझं म्हणणं एवढंच की क्वेरी निघाल्यापासून माल सुटेपर्यंतचे दिवस, माहिती खरी निघाली तर, आयातदाराच्या खात्यावर पडू नयेत.

जुना सीएचए, वर्धमाननगर
भाऊ, नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं, पण मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. तीस वर्षं कस्टम्समधून लोकांचा माल सोडवायचं हेच काम करून राहिलो. इन्व्हॉइसवर त्या कार्डांचं वर्णन काय होतं? ‘कॅमेरा कार्ड’ एवढंच असेल तर ८५२५ चा प्रश्न येणारच. फेसलेस असेसमेंट २०२० मध्ये देशभर लागू झालं, तेव्हापासून नागपूरचं बिल दुसऱ्याच शहरातला अधिकारी पाहतो. त्याला तुमची मशीन दिसत नाही, अपलोड केलेला कागद दिसतो. कॅटलॉग ३० ऑगस्टला ई-संचितवर, म्हणजे कस्टम्सच्या कागद अपलोड करायच्या सोयीवर, चढवला असता, तर कदाचित ५ ची क्वेरीच निघाली नसती.

दुसरं, कस्टम्स कायद्याच्या कलम ४९ चा अर्ज का नाही केला? क्लिअरन्स अडकला असेल तर माल तात्पुरता वेअरहाउसमध्ये ठेवायची परवानगी मागता येते, पहिल्यांदा ३० दिवसांपर्यंत. डबा रिकामा करून लाइनला परत दिला की डिटेन्शन तिथेच थांबतं. गोदामाचं भाडं लागतं, पण ते डॉलरमध्ये नसतं.

लाइनच्या ऑफिसातून
मी एका शिपिंग लाइनचं काम पाहतो. डबा आमचा आहे आणि त्याची कमाई फिरण्यात आहे. कस्टम्सने का थांबवला, त्यात आमचा काय दोष? आणि हे नुकसान फक्त लाइनचं नाही. तुमचा डबा १९ दिवस भरलेला उभा राहतो, तेव्हा याच गावात तांदूळ नाही तर ढेप पाठवणारा कोणी खाली डब्यासाठी रोज फोन करत असतो. नागपुरात खाली डबे समुद्रावरून आपोआप येत नाहीत, आयातीचे रिकामे झाले तरच मिळतात. फ्री डेज, म्हणजे बिनभाड्याचे सुरुवातीचे दिवस, संपल्यावर भाडं लावलं नाही, तर लोक यार्डालाच गोदाम करतात. हे मी पाहिलेलं आहे.

सूतवाला, बुटीबोरी
डब्यांची टंचाई खरी आहे, मी स्वतः भोगली. पण दुसऱ्याच्या चुकीचा भुर्दंड आमच्यावर, ही सवयच झाली आहे. जीएसटी नवा होता तेव्हा, २०१७-१८ मध्ये, माझा आयजीएसटीचा परतावा महिनोन् महिने अडकला. स्टेटसमध्ये एसबी ००६, म्हणजे गेटवे ईजीएम (बंदरातून बाहेर गेलेल्या मालाची यादी, मॅनिफेस्ट) नाही. माल नागपुरातून गेला, बंदरावर जहाजात चढला, परदेशात पैसेही चुकते झाले. फक्त बंदराच्या मॅनिफेस्टमध्ये लाइनकडून नोंद नीट गेली नव्हती, म्हणून कॉम्प्युटरच्या हिशोबी माझा माल देशाबाहेर गेलाच नव्हता. बँकेचं व्याज मात्र मी भरलं. लाइनने एक रुपया दिला नाही. भाऊंच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा.

निवृत्त, सिव्हिल लाइन्स
मी या खात्यात नोकरी केली, म्हणून दुसरी बाजू मांडतो. २०११ पासून सेल्फ असेसमेंट आहे. आयातदार स्वतः हेडिंग ठरवतो, स्वतः ड्युटी काढतो, आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. सगळी बिलं तपासली जात नाहीत, जोखीम पाहून सिस्टम काही निवडते. ‘पार्ट्स’ या शब्दाखाली काय काय येतं, ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रश्न विचारला आणि उत्तर बरोबर निघालं, तर त्यात अधिकाऱ्याची चूक झाली असं होत नाही. प्रत्येक क्वेरीचं भाडं सरकारवर टाकलं, तर कोणता अधिकारी प्रश्न विचारेल? गप्प बसून सही करणं सोपं होईल, आणि प्रामाणिक आयातदारालाच बाजारात खोट्या मालाशी टक्कर द्यावी लागेल.

हिंगणा रोड
काकाजी, प्रश्न विचारू नका असं मी कुठेच म्हटलं नाही. ११ ला कॅटलॉग मिळाला. ११ ते १६ कोणी काय पाहत होतं? माझी तक्रार त्या पाच दिवसांबद्दल आहे.

वकील, धंतोली
इथे दोन वेगळी भाडी एकत्र झाली आहेत, ती आधी सोडवू.

डेपोचं ग्राउंड रेंट : २००९ च्या कार्गो हाताळणीच्या रेग्युलेशन्समध्ये ६(१)(एल) आहे. कस्टम्सने जप्त केलेल्या किंवा अडवून ठेवलेल्या मालावर कस्टोडियनने, म्हणजे माल सांभाळणाऱ्या डेपोने किंवा बंदराने, भाडं लावू नये, असं ते सांगतं. पण त्याची सुरुवातच ‘इतर कायद्यांच्या अधीन राहून’ अशी आहे. त्यावर मुंबई पोर्ट ट्रस्ट विरुद्ध श्री लक्ष्मी स्टील्स या २०१७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आयातदाराच्या विरोधात निकाल दिला. पोर्ट ट्रस्टला स्वतःच्या कायद्याने भाड्याचा हक्क आहे, आणि अधिकाऱ्याचा वाईट हेतू किंवा अधिकाराचा ढळढळीत गैरवापर नसेल तर ते ओझं खात्यावर टाकता येत नाही. नागपूरचा डेपो मात्र पोर्ट ट्रस्ट नाही, त्यामुळे इथे वादाला जागा आहे.

लाइनचं डिटेन्शन : सी कार्गो मॅनिफेस्टच्या २०१८ च्या रेग्युलेशन्समध्ये तुमच्या कामाची अट आहे. नोंदी पडताळण्यासाठी कस्टम्सने माल अडवला आणि नोंदी बरोबर निघाल्या, तर लाइनने कंटेनर डिटेन्शन मागायचं नाही. साठ दिवसांनंतरचं मागता येतं. तुमचे १९ च आहेत.

अडचण एका शब्दाची आहे. क्वेरी म्हणजे ‘अडवणं’ का? लाइन म्हणेल, अडवल्याचा कागद दाखवा. क्वेरीच्या पडद्यावर तो शब्द नसतो. म्हणून अधिकाऱ्याकडून तारखांसह लेखी घ्यावं लागतं, आणि तिथेच बहुतेक लोक थकून पैसे भरून मोकळे होतात.

लाइनच्या ऑफिसातून
तारखांसह पत्र आलं तर आम्ही वर पाठवतो. ते नाकारायचंच असं ठरवून कोणी बसलेलं नाही. पण फोनवर ‘कस्टम्समुळे झालं’ एवढं सांगितलं, तर मी कोणत्या आधारावर माफ करू?

हिंगणा रोड
मग तोच तर माझा मुद्दा आहे, बावा. क्वेरी कधी निघाली, उत्तर कधी गेलं, सगळं सिस्टममध्ये मिनिटासकट आहे. माल जसाच्या तसा सुटला हेही तिथेच आहे. तरी मी अर्ज घेऊन टेबलाटेबलावर काऊन फिरायचं? तो तारखांचा दाखला माल सुटतानाच आपोआप निघाला पाहिजे.

जुना सीएचए, वर्धमाननगर
हे मात्र मला पटलं. असा दाखला निघाला तर आमचीही अर्धी धावपळ वाचेल. पण सगळे १९ दिवस मागू नका, अर्ज पडेल. पहिलं उत्तर किती ओळींचं होतं?

हिंगणा रोड
दोन ओळींचं. ‘हे सॉर्टरचे सुटे भाग आहेत’ एवढंच लिहिलं होतं. कॅटलॉग ऑफिसातच पडला होता, जोडायचं सुचलं नाही. ठीक आहे, ४ ते ११ माझे धरतो. पुढचे १२ दिवस मी सोडणार नाही.

निवृत्त, सिव्हिल लाइन्स
१२ दिवसांचा अर्ज मी असतो तर पुढे पाठवला असता. त्यात १८ तारखेच्या तपासणीचा अहवाल जरूर जोडा. त्यात अधिकाऱ्याने स्वतः मॉडेल नंबर जुळल्याचं लिहिलं असेल, ते तुमच्या पानभर युक्तिवादापेक्षा जड आहे.

जुना सीएचए, वर्धमाननगर
सोमवारी अकराला ऑफिसात या. डबा डेपोत आल्याची गेट-इनची पावती, दोन्ही क्वेरींचे प्रिंट, कॅटलॉग अपलोडची पोच आणि दोन्ही भाड्यांची बिलं, भरल्याच्या पावतीसकट, घेऊन या. ग्राउंड रेंटचा अर्ज वेगळा, डिटेन्शनचा वेगळा. एकाच कागदावर दोन्ही लिहू नका.